रूळ धरायचा कोणी? पोलादी स्लीपरचा फेरविचार

नाशिक जिल्ह्याच्या वाट्याला येत्या काही वर्षांत रुळांची बरीच कामे येणार आहेत. मनमाड–इंदूर या ३०९ किलोमीटरच्या नव्या मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. त्याच वर्षी नोव्हेंबरात मनमाड–जळगाव चौथी मार्गिका मंजूर झाली. सिंहस्थासाठी नाशिकरोड आणि आसपासच्या स्थानकांची कामे निघाली आहेत, आणि नाशिक–पुणे रेल्वेची मागणी तर जिल्ह्याने कधी सोडलेलीच नाही. या सगळ्यांवर भरपूर बोलले जाते. जमीन कोणाची जाणार, आखणी कुठून जाणार, थांबा कुठे मिळणार, खर्च किती, हे प्रश्न गावोगावच्या सभांत विचारले जातात. रुळाखाली काय घालणार, हे मात्र कोणी विचारत नाही. मुख्य मार्गावर किलोमीटरला साधारण १,६६० स्लीपर लागतात. मनमाड–इंदूरची फक्त एक मार्गिका धरली तरी हा आकडा पाच लाखांच्या पुढे जातो. एवढी मोठी खरेदी पुढची पन्नास वर्षे आपल्याला बांधून ठेवणार असेल, तर ती एकदा नीट तपासून घ्यायला हवी.

आज या प्रश्नाचे ठरलेले उत्तर आहे: काँक्रीट. भारतीय रेल्वेने १९८० च्या दशकापासून मुख्य मार्गांवर पूर्वताणित काँक्रीटचे स्लीपर मोठ्या प्रमाणावर घालायला सुरुवात केली आणि लाकूड, बीड व पोलाद हे तिन्ही मागे पडले. त्यातले पोलाद जाताना एक महत्त्वाचा विचारही सोबत घेऊन गेले. रुळाला खिळ्याने ठोकून न धरता स्लीपरनेच त्याला पकडीत घ्यावे, तो विचार. तो का आला, कुठे कमी पडला आणि आज त्याला कोठे जागा आहे, याचा हिशेब मांडण्याची हीच वेळ आहे.

लाकडी स्लीपरवर रूळ खिळ्यांनी धरला जाई. खिळा लाकडात ठोकायचा, त्याचे डोके रुळाच्या तळपट्टीवर बसवायचे. गाडी जाताना रूळ किंचित उचलतो, पुन्हा बसतो, आणि प्रत्येक वेळी खिळ्याला वर ओढतो. भोक सैल होते, त्यात पाणी शिरते, लाकूड कुजायला लागते. आपल्याकडे त्यात वाळवीची भर. लाकडी स्लीपरचे आयुष्य बारा-पंधरा वर्षांपलीकडे क्वचित जाई. १८६५ च्या पहिल्या दिवशी थळ घाट वाहतुकीला खुला झाला आणि जीआयपी रेल्वे सह्याद्री चढून नाशिककडे सलग धावू लागली. त्याच काळात देशभर रेल्वेचे जाळे पसरत होते आणि स्लीपरसाठी जंगलांवर कुऱ्हाड चालत होती. १८६४ मध्ये सरकारने वनखाते उभारले आणि डिट्रिच ब्रँडिस यांना त्याचे प्रमुख नेमले, त्यामागे रेल्वेला पुढेही लाकूड पुरावे ही चिंता मोठी होती. अमेरिकेतही हीच धास्ती होती. तिथल्या कृषी खात्याच्या वनविभागाने १८९४ मध्ये रसेल ट्रॅटमन यांचा धातूच्या स्लीपरवरचा सविस्तर अहवाल छापला. रुळाखाली धातू घालण्याची कल्पना जंगल वाचवण्याच्या गरजेतूनही पुढे आली, हे विसरता कामा नये.

भारतात या विचाराची दोन रूपे रुजली. एक बिडाचे. सीएसटी-९ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या स्लीपरमध्ये रुळाखाली बिडाचे दोन तुकडे असत आणि मधल्या लोखंडी पट्टीने ते जोडलेले असत. दुसरे रूप पोलादी, ज्याला रेल्वेत ट्रफ स्लीपर म्हणत. जाड पोलादी पत्रा दाबून त्याला उपड्या पन्हाळीचा आकार दिलेला, दोन्ही टोके खाली वळवलेली, म्हणजे ती खडीत रुतून बसतील. रूळ आतल्या बाजूला एकास वीस या उताराने कलता बसावा, म्हणून बैठकीलाही तसाच कल दिलेला. रूळ जिथे बसतो तिथे त्याच पत्र्यातून वर काढलेले दोन कान. रुळाची तळपट्टी त्या दोन कानांच्या मध्ये येते आणि उरलेल्या फटीत पोलादी चावी हातोड्याने ठोकली की रूळ आवळला जातो. खिळा नाही, भोक नाही, लाकूड नाही. ही चावी रोज ठोकून घट्ट करणाऱ्या माणसाला रेल्वेने ‘कीमॅन’ हे पद दिले.

पोलादाच्या बाजूने बोलण्यासारखे बरेच आहे. ब्रॉडगेजचा ट्रफ स्लीपर सुमारे ७९ किलोचा, काँक्रीटचा २६७ किलोचा आणि नव्या जड गाड्यांसाठीचा त्याहून भारी. पोलादी स्लीपर चार माणसे उचलून नेऊ शकत. आकार पन्हाळीचा असल्याने एकात एक रचून वाहून नेता येत, म्हणजे एका वाघिणीत जास्त मावत. डोंगरात, अरुंद जागेत, रस्ता नसलेल्या ठिकाणी हा फायदा मोठा. आयुष्य चाळीस ते पन्नास वर्षांचे धरले जाई. गाडी रुळावरून घसरली तर पोलादी स्लीपर वाकतो. पुष्कळदा तो सरळ करून पुन्हा वापरता येतो आणि अगदीच निकामी झाला तर भंगाराला चांगला भाव असतो. काँक्रीटचा स्लीपर चाकाखाली आला की फुटतो आणि फुटल्यावर तो जवळजवळ राडारोडाच. पोलाद वितळवून पुन्हा पोलाद होते. पुढच्या पिढ्यांचा विचार करणाऱ्याने या मुद्द्याकडे पाठ फिरवू नये.

दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. चावी कंपनाने सैल होते. गाड्या जितक्या वाढतील, वेग जितका वाढेल, तितक्या चाव्या लवकर ढिल्या. चावी पडली की रूळ सरकतो, गेज म्हणजे दोन रुळांमधले अंतर बिघडते. चाव्यांच्या चोऱ्याही होत, कारण त्या भंगारात विकल्या जात. खारट हवेत आणि पाणी साचणाऱ्या जागी पत्रा खालून गंजतो, आणि तो गंज वरून दिसत नाही. पन्हाळीच्या पोटात खडी नीट भरून दाबणे जिकिरीचे. आत पोकळी राहिली की गाडीखाली स्लीपर दबतो, उचलतो आणि खडी आणखी दूर सारतो.

विजेचा मुद्दा याहून मोठा. रुळांतून सिग्नलचा ट्रॅक सर्किट चालतो. गाडीची चाके दोन्ही रूळ जोडतात आणि त्यावरून यंत्रणेला ट्रॅकवर गाडी असल्याचे समजते. दोन रुळांना जोडणारा स्लीपरच धातूचा असेल, तर मध्ये पक्के विद्युतरोधक घालावे लागते आणि ते कधी झिजू द्यायचे नाही. त्यातच विद्युत गाडीचा परतीचा प्रवाहही रुळांतून जातो. कल्याण–इगतपुरी मार्गावर १९३० च्या सुमारासच विजेच्या गाड्या आल्या, म्हणजे नाशिकच्या उंबरठ्यावर हा प्रश्न फार आधीपासून उभा आहे. काँक्रीटचा स्लीपर वीज वाहत नाही. रुळाखाली रबरी पॅड, बाजूला नायलॉनचा लायनर, आणि काम झाले.

नाशिकच्या हवेनेही काँक्रीटचे पारडे जड केले आहे. निफाडला हिवाळ्यात पारा पाच अंशांच्या खाली जातो. मनमाड–नांदगाव पट्ट्यात मे महिन्यात हवा चाळीसच्या वर जाते आणि उन्हात तापलेला रूळ हवेपेक्षा कितीतरी जास्त गरम होतो. पोलादाचा एक किलोमीटरचा रूळ पन्नास अंशांनी तापला आणि मोकळा असला, तर तो अर्ध्या मीटरहून अधिक लांबेल. आज रूळ एकमेकांना जोडून मैलोन्‌मैल सलग केले जातात, त्यामुळे मधल्या भागात त्याला लांबायला वाव नसतो. ते लांबणे आतल्या आत दाबाच्या रूपाने साठते. ६० किलो प्रति मीटर वजनाच्या रुळात ३० अंशांच्या फरकाला सुमारे ५५ टन दाब तयार होतो. हा दाब आडवा फुटू नये म्हणून जड स्लीपर आणि भरपूर खडी लागते. काँक्रीटच्या स्लीपरचे वजन दर किलोमीटरला सव्वाचारशे टनांहून जास्त भरते. जुन्या ट्रफ स्लीपरचे जेमतेम १३० टन. घाटातल्या वळणांवर आणि उतारावर हा फरक जिवाचा असतो. कसारा–इगतपुरीचा उतार एकास सदतीस आहे आणि अशा उतारावर रूळ हळूहळू खाली सरकायला बघतात. तिथे वजनाला पर्याय शोधणे सोपे नाही.

एवढे ऐकून कोणी म्हणेल, मग प्रश्न सुटला, पोलादाचा विषय बंद करा. इथे दोन गोष्टी वेगळ्या करून पाहायला हव्यात. स्लीपर कशाचा आहे ही एक, आणि तो रुळाला कशाने धरतो ही दुसरी. ट्रफ स्लीपरची बहुतेक बदनामी चावीमुळे झाली. चावी ही ताठ, एकदा ठोकलेली वस्तू. ढिली झाली की तिच्यात स्वतःहून आवळण्याची ताकद नाही. पुढे नॉर्वेचे पांडे-रॉल्फसन यांनी वाकवलेल्या स्प्रिंग पोलादाची क्लिप काढली आणि ‘पॅन्ड्रॉल’ हे नाव जगभर गेले. भारतात तिचेच भाऊबंद सर्वत्र आहेत. ही क्लिप हातोड्याने घरात बसवली की तिचे टोक रुळाच्या तळपट्टीला साडेआठशे ते अकराशे किलोच्या जोराने दाबून ठेवते. रूळ थरथरला तरी क्लिप त्याच्यासोबत हलते आणि पुन्हा दाबते. भारतीय रेल्वेने उरलेल्या ट्रफ स्लीपरवरही वेगळे जबडे बसवून याच क्लिपा वापरल्या होत्या. म्हणून जुन्या चावीच्या पोलादाची आजच्या क्लिपच्या काँक्रीटशी तुलना करून निकाल देणे न्यायाचे नाही.

जगाने असा निकाल एकतर्फी दिलेलाही नाही. स्वित्झर्लंडने डोंगरी मार्गांवर पोलादी स्लीपर दीर्घकाळ वापरले. जर्मनीत वाय अक्षराच्या आकाराचे पोलादी स्लीपर १९८० च्या दशकापासून वळणांवर आणि अरुंद जागांत घातले जातात. त्यांना खडी कमी लागते आणि बाजूचा विरोध चांगला मिळतो. ब्रिटनमध्ये दुय्यम मार्गांच्या नूतनीकरणासाठी हलक्या पोलादी स्लीपरना पुन्हा काम मिळाले. या सर्व देशांत काँक्रीटही भरपूर आहे. जागेनुसार साहित्य, हे त्यांचे सूत्र.

आपल्याकडे हे सूत्र पुलांवर कधीच सुटले नाही. लोखंडी गर्डरच्या जुन्या पुलांवर खडी नसते, स्लीपर थेट गर्डरवर बसतो. तिथे काँक्रीटचे वजन आणि ताठपणा अडचणीचा. म्हणून लाकूड संपल्यावर पोलादी चॅनेल स्लीपर आले, नंतर एच आकाराचे पोलादी स्लीपर, आणि आता काँपोझिटचे स्लीपर येत आहेत. नाशिक जिल्ह्याला तर याचा जवळचा वारसा आहे. मनमाडचा रेल्वेचा अभियांत्रिकी कारखाना १९०६ चा, तेथे पुलांचे गर्डर घडतात. पोलाद कापण्याचे, जोडण्याचे, गंजापासून राखण्याचे कसब या जिल्ह्यात शतकाहून जुने आहे. पुलांवरच्या पोलादी स्लीपरची चाचणी, दुरुस्ती आणि निगा यांसाठी मनमाडला काम देणे शहाणपणाचे ठरेल.

तरीही एक गंभीर आक्षेप उरतो, तो नीट ऐकायला हवा. रेल्वे म्हणते, एकच नमुना असला की सुटे भाग एक, यंत्रे एक, प्रशिक्षण एक. खडी दाबणारी यंत्रे काँक्रीटच्या ठरावीक अंतरावरच्या स्लीपरसाठी आखलेली आहेत. मध्येच वेगळा स्लीपर आला की यंत्र थांबते, वेगळी क्लिप साठवावी लागते, एखाद्या कर्मचाऱ्याने चुकीची क्लिप चुकीच्या जागी ठोकली तर धोका. इतक्या मोठ्या जाळ्यात सुलभता ही सुरक्षेचीच एक बाजू आहे. मनमाड–इंदूरसारख्या नव्या मुख्य मार्गावर मधूनमधून पोलादी स्लीपर घालण्याचा आग्रह त्यामुळे धरता येणार नाही. हा आक्षेप आम्हाला मान्य आहे. पाच लाख स्लीपर पोलादाचे करायचे म्हटले, तर जुन्या वजनानेही चाळीस हजार टन पोलाद लागेल. आजच्या भारासाठी त्याहून जाड पत्रा हवा. गंज, वीज आणि वजन या तिन्ही कसोट्यांवर तो खर्च समर्थनीय ठरत नाही.

काँक्रीटच्या बाजूलाही एक भाबडा समज घर करून आहे: एकदा घातले की पन्नास वर्षे निश्चिंत. ते खरे नाही. स्लीपरला चार क्लिपा, म्हणजे किलोमीटरला ६,६४०. कीमॅनचा रोजचा टप्पा सहा किलोमीटरचा धरला, तर एकाच मार्गिकेवर त्याच्या नजरेखालून जवळपास चाळीस हजार क्लिपा जातात. क्लिप गंजली की घरात घट्ट अडकते आणि रूळ बदलायच्या वेळी निघत नाही. रबरी पॅड चिंबून सरकतो. लायनर झिजतो आणि रुळाच्या कडेला गंज चढतो. म्हणून ठरावीक काळाने, आणि गंजप्रवण जागी त्याहून लवकर, क्लिपा काढून ग्रीस लावण्याचा नियम आहे. हे काम यंत्र करत नाही. पाठीवर अवजारे घेऊन, हातात हातोडा घेऊन चालणारा माणूस करतो. चावी गेली, पण कीमॅनचे काम संपले नाही. आता ते क्लिपांकडे आले आहे.

इगतपुरीच्या घाटात पावसाळ्यात रात्री गस्त घालणारे ट्रॅकमन दरडी, वाहून गेलेली खडी आणि ढिले झालेले सांधे शोधत फिरतात. आजच्या विजेच्या गाड्या कमी आवाजात आणि वेगाने येतात. २०२३ पासून मुंबई–शिर्डी वंदे भारत याच मार्गाने धावते. वळणावर, धुक्यात, पावसाच्या आवाजात मागून आलेली गाडी कानाला लागत नाही. येणाऱ्या गाडीची सूचना देणारे ‘रक्षक’ हे यंत्र रेल्वेने अशाच कामगारांसाठी आणले आहे. रुळाला धरून ठेवणाऱ्या स्प्रिंगला जर एवढे महत्त्व आहे, तर ती तपासणाऱ्या माणसाला ते यंत्र मिळाले की नाही, हा प्रश्न स्लीपरच्या किमतीइतकाच महत्त्वाचा आहे.

या सगळ्या तोलामोलातून आमचे मत असे बनते. नाशिकमधून जाणाऱ्या मुख्य मार्गांवर आणि नव्या मार्गिकांवर काँक्रीटच योग्य आहे. विजेचे सिग्नल, सलग रूळ, घाटाचा उतार आणि निफाड–मनमाडची हवा यांना तेच पेलते. पोलादी स्लीपरला त्याची ठरलेली जागा द्यावी. जुने गर्डर पूल, कमी वेगाच्या साइडिंग, कारखान्यांच्या आणि मालधक्क्यांच्या आतल्या मार्गिका, डोंगराळ जागी तातडीची दुरुस्ती, ही ती जागा. या ठिकाणी ट्रॅक सर्किट नसेल किंवा इन्सुलेशन सांभाळता येत असेल, तर हलके, पुन्हा वापरता येणारे, क्लिपवर बसणारे पोलादी स्लीपर वाया घालवण्याचे कारण नाही. मार्ग काढताना निघालेले चांगल्या स्थितीतले जुने ट्रफ स्लीपर सरसकट भंगारात न काढता आधी अशा कामांसाठी निवडावेत.

दोन मागण्या मात्र आतापासूनच पुढे ठेवायला हव्यात. पहिली, खरेदीच्या निर्णयात फक्त सुरुवातीची किंमत पाहू नये. आयुष्य, दुरुस्ती, अपघातानंतर पुन्हा वापर, भंगाराचा भाव आणि सिमेंट–पोलादाचा पर्यावरणीय भार या सगळ्यांचा एकत्र हिशेब नव्या मार्गांच्या कागदपत्रांत मांडावा आणि लोकांपुढे ठेवावा. मंजुरीच्या बातमीत मनमाड–इंदूर मार्गाचा १८,०३६ कोटींचा खर्च छापून येतो. त्यातल्या लाखो स्लीपरचा पन्नास वर्षांचा हिशेब मात्र कोणाला दिसत नाही. दुसरी, नवा किलोमीटर मंजूर होईल तेव्हा त्या किलोमीटरचे ट्रॅकमन आणि कीमॅन यांची पदेही त्याच वेळी मंजूर व्हावीत आणि भरली जावीत, त्यांच्या हातात ग्रीस, योग्य क्लिपा आणि रक्षक यंत्र असावे. रूळ वाढतात आणि माणसे तेवढीच राहतात, ही पद्धत मनमाड–इंदूरच्या बाबतीत तरी मोडायला हवी.

काँक्रीट आणि पोलाद या दोघांच्या पकडीची ताकद आपल्याला माहीत आहे. ती मोजता येते, तिचे कोष्टक छापता येते. ती पकड शाबूत ठेवणाऱ्या माणसांच्या संख्येचे कोष्टकही तेवढ्याच काटेकोरपणे मागितले पाहिजे. जिल्ह्याच्या खासदार-आमदारांनी रेल्वेच्या पुढच्या बैठकीत थांब्यांच्या यादीसोबत या दोन मागण्याही विषयपत्रिकेवर घ्याव्यात.